हिरवं बटण आणि माझा गुडघा

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे तो सध्या कागदावरच घालता येतो, गोड मानून घे.) तुझी पाठ कशी आहे? रक्तदाब काय म्हणतो? फोन तू उचलत नाहीस, म्हणून पोस्टाला कामाला लावलं. तू दोन वर्षं रागावलेली आहेस हे मला ठाऊक आहे, पण तुझ्या वजनकाट्याचा विषय मी या पत्रात अजिबात काढणार नाही. काटा अडीच किलो कमी दाखवतो म्हटल्यावर पाहुण्यांदेखत त्यावर 'अप्रमाणित' अशी चिठ्ठी चिकटवणं हे माझं कर्तव्यच होतं, एवढं म्हणून तो विषय संपवतो.

तर, आमच्याकडे नातीने कोडिंग आरंभलं आहे. दर शनिवारी ती संगणकासमोर बसते आणि चार देशांतली चार मुलं पडद्यावरच्या चौकोनांतून डोकावतात. त्यांच्या बाई आणखी पाचव्याच देशातून शिकवतात. नुसतं शिकून भागत नाही, त्यातून समाजाचं भलं करायचं अशी अट आहे. आता समाज शोधायला उन्हातान्हात कुठे जायचं, म्हणून नातीने मला धरलं. दिवसभर घरात एकटे असणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी या पाच जणांनी मिळून एक ॲप बनवलं. रोज सकाळी दहाच्या आत 'मी ठीक आहे' असं हिरवं बटण दाबायचं. नाही दाबलं, तर पाचही मुलांच्या आणि शेजाऱ्यांच्या फोनवर भोंगा वाजतो आणि म्हाताऱ्याच्या फोनवर मुलांचा व्हिडिओ कॉल आपोआप सुरू होतो.

पहिल्याच दिवशी माझा गुडघा ठणकत होता. आता तूच सांग, एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून काढली, आयुष्यात एक खोटा शिक्का मारला नाही, तो मी दुखऱ्या गुडघ्यावर 'ठीक' असा शिक्का कसा मारू? दुसरं बटणच नव्हतं. मी फोन टेबलावर ठेवला आणि अंघोळीला गेलो. डोक्याला साबण लावतो न लावतो तोच घरात धावपळ ऐकू आली. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर (आमची जादा किल्ली त्यांच्याकडे असते) तोंडावरच्या मास्कसकट धावत आले होते आणि मागोमाग त्यांचा पेशंट, गालात कापसाचा बोळा तसाच. डॉक्टरांनी बाहेरून ओरडून विचारलं, "आजोबा, ठीक आहात ना?" मी आतून प्रामाणिकपणे सांगितलं, "नाही." ताई, पुढचं त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. दोघांनी मिळून कडी उखडली. (डॉक्टरांना उपटण्याचा सराव आहेच.) टेबलावरच्या फोनमधून चार देश एकदम ओरडत होते. डोक्याला साबण आणि कमरेला पंचा अशा अवस्थेत मी त्या चारही देशांना नमस्कार केला.

नात दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग पाचही जणांनी मलाच विचारलं, की आजोबा, बटणं कोणकोणती हवीत? मी एकोणीस लिहून दिली, पोटविभागांसह. त्यांनी तीन ठेवली: 'ठीक', 'ठीक, पण दुखतंय' आणि 'या'. हे तिसरं माझ्या यादीत नव्हतं. ते पडद्यावरच्या एका मुलीने सुचवलं. तिची आजी म्हणे कधी आजारी नसते, तरी कुणी आलं की तिला बरं वाटतं. 'या' दाबलं की आपण दिलेल्या नंबरावर फोन जातो, बस्स.

आता खरी पंचाईत ऐक. प्रत्येकाने दोन म्हाताऱ्यांच्या घरी ॲप चालवून दाखवायचं, असा बाईंचा नियम. बाकी चौघांची दोन-दोन घरं झाली, आमचं एकच. येत्या शनिवारपर्यंत दुसरं मिळालं नाही, तर शेवटच्या कार्यक्रमातून पाचही जणांचं काम बाद. नात नुसती नखं खात बसते. मला ते बघवत नाही. वाचनालयातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना विचारून झालं, पण कडीची गोष्ट गावभर झाल्यामुळे हल्ली ते मला पाहिलं की रस्ता ओलांडतात.

असो. मागायचं काहीच नव्हतं, सहज खुशाली कळवली.

तुझा,
धाकटा

ता. क. नात गुरुवारी चार वाजता तुझ्याकडे येते आहे. फोन चार्ज करून ठेव. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस.

ता. क. २. 'या'साठी नंबर कोणाचा, असं ॲपने विचारलं. मी तुझा दिला. काल तपासणी म्हणून दाबून पाहिलं. तुझा फोन अकरा वेळा वाजला, असं ॲप म्हणतं. गुडघा काल अगदी ठीक होता.

ता. क. ३. काट्यावरची ती चिठ्ठी फाडून टाक. मी काटा गालिच्यावर ठेवून तपासला होता. तो फरशीवर ठेवायचा असतो, हे शिकाऊ निरीक्षकालाही कळतं. मला ते त्याच दिवशी तुझा जिना उतरताना आठवलं होतं. मागे फिरायला दोन वर्षं लागली.