कानाचा ठराव

मोहाडी,
ता. १० जुलै २०१२

चि. हेमराज यास कुसुमताईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन आला. मी धानाच्या रोवणीचं विचारलं, तुझ्या सत्यभामेच्या गुडघ्याचं विचारलं, चांगलं सविस्तर बोलले. फोन ठेवल्यावर सुनेने सांगितलं की तो तू नव्हतास, गॅसवाला होता. तो काय म्हणाला ते मला कळलं नाही, पण सिलिंडर अजून आलेलं नाही. तेव्हा यापुढे आपलं पत्रच बरं.

सारा जन्म मागाच्या खटखटीत गेला, कान तिथेच राहिले. मोठ्यांचं बोलणं ऐकू आलं नाही तर माझं फारसं अडत नाही. पण आपली गुंजन आता दुसरीत गेली. रोज गळ्यात पडून कानात काहीतरी सांगते आणि मी नुसती हो हो करते. नातीचं बोलणं ऐकू येत नाही, याचं फार वाईट वाटतं रे. मागे कानाशी लागून तिचा एकच हट्ट चालला होता. शेवटी एवढं समजलं की बकरी पाहिजे. आणून दिली बकरी. आता पोरगी तिच्याकडे बघतही नाही, आणि भर पावसात खताचं रिकामं पोतं डोक्यावर घेऊन शाळेत जाते. पोरांच्या एकेक हौशी!

कानाच्या मशीनसाठी मी दोनदा भंडाऱ्याला जाऊन आले. दोन्ही वेळा माझं नाव पुकारलं म्हणतात. मला ऐकू आलं असतं तर मी तिथे गेलेच कशाला असते?

डोळ्यांचं शिबिर दरवर्षी गावात येतं. कानांनीच सरकारचं काय बिघडवलं? तालुक्याच्या दवाखान्यात महिन्यातून एक दिवस कानाचा डॉक्टर बसावा आणि मशीन तिथेच मिळावी, असा ठराव मी पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडणार आहे. तू सानगडीत मांड. दोन तालुक्यांतून मागणी गेली तर वरच्यांना ऐकावंच लागेल. त्यांचे कान तरी शाबूत असतील.

लोभ आहे तो वाढव, आणि अक्षरही जरा मोठं काढ.

तुझी,
कुसुमताई

सानगडी,
ता. १८ ऑगस्ट २०१२

ती. कुसुमताईस हेमराजचा सा. न. वि. वि.

सत्यभामेचा गुडघा तू गॅसवाल्याला सांगितलास, म्हणजे आता तो घरोघर पोचला असेल.

पण इकडे फत्ते! ठराव एकमताने मंजूर झाला. साऱ्या गावासमोर उभं राहून मी कानाची मशीन मागितली. सरपंच सोमाजी तोंडातल्या तोंडात बोलणारा माणूस. त्याने पुन्हा पुन्हा काहीतरी विचारलं, मी दर वेळी हो, बरोबर, असं ठणकावून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही शेतकऱ्यांनी तर मला टपरीवर नेऊन चहा पाजला. कानासाठी गावाला इतकी तळमळ असेल असं वाटलं नव्हतं. ताई, आजकाल सगळेच पुटपुटतात, टीव्हीवरचे बातम्यावालेसुद्धा. माझे कान ठणठणीत आहेत म्हणून निभावतं.

तुझ्या सभेचं काय झालं ते कळव. धाकट्यावर लोभ असतोच, तो तसाच राहू दे.

तुझा,
हेमराज

ता. क. ताईंना सत्यभामेचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून लिहिते. सभेत यांच्या तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता. हे कानाची मशीन म्हणाले, ते गावाला धानाची मशीन असं ऐकू आलं. सरपंच विचारत होते, धानाची ना? हे म्हणत होते, हो. धान साफ करायच्या मशीनचा ठराव झाला आहे. मी घरी आल्यावर सांगितलं, तेही यांना ऐकू आलं नाही. यांच्या टीव्हीच्या आवाजापायी शेजारच्या रत्नाबाईंची म्हैस पान्हा चोरते.

मोहाडी,
ता. ५ सप्टेंबर २०१२

चि. हेमराज यास आशीर्वाद, आणि कानाला एक पीळ.

पाकिटातली ता. क. वाचली. सत्यभामेवर रागावू नकोस, त्या म्हशीचाही विचार कर.

माझा ठराव झाला. हा विषय आपल्याकडे येत नाही, असं ग्रामसेवक सांगत होते म्हणे. मला काहीच ऐकू आलं नाही, मी आपली बोलतच राहिले. शेवटी कंटाळून त्यांनी लिहून घेतलं.

आता नीट ऐक, म्हणजे नीट वाच. मला ऐकू येत नाही, हे म्हणायची मलाही लाज वाटायची. लोक येडी समजतील अशी भीती वाटायची. तू चष्मा लावून लग्नात मिरवतोस, मग कानाचीच लाज कशाला? दोन ऑक्टोबरला पुन्हा उभा राहा. माझ्या एकटीच्या ठरावाने काही होणार नाही, आणि गुंजन काही कायम दुसरीत राहणार नाही. कानाशी येऊन बोलायचं तिचं वय निघून जाईल रे.

माझा लोभ आहे, म्हणून तर बोलते.

कुसुमताई

सानगडी,
ता. ४ ऑक्टोबर २०१२

ती. कुसुमताईस हेमराजचा खाली मान घालून सा. न. वि. वि.

खर्रा थुंकून उभा राहिलो. मले ऐकू येत नाही, असं मोठ्याने सांगितलं. सभा एकदम शांत झाली. निदान मला तरी तशी वाटली.

मग म्हाताऱ्या नत्थूने हात वर केला. त्यालाही येत नाही. मागून बायांचे हात वर झाले. शेवटी सरपंच सोमाजीनेच हात वर केला. मागच्या वेळी तो पुन्हा पुन्हा विचारत होता, कारण त्यालाच नीट ऐकू येत नव्हतं! मग ग्रामसेवकाने फळ्यावर हातभर अक्षरात कान असं लिहिलं आणि ठराव झाला. शेतकरी धानाची मशीन सोडायला तयार नव्हते, म्हणून ठरावाचं नाव कान व धान असं पडलं आहे.

सत्यभामा म्हणते की मी आता माणसात आलो. तुझा लोभ होता म्हणून आलो.

हेमराज

मोहाडी,
ता. १२ मार्च २०१३

चि. हेमराज यास अनेक, अनेक आशीर्वाद.

मंजुरी आली! परवा आमच्या दवाखान्यात कानाचा पहिला दिवस झाला. नाव पुकारू नका, हात लावून उठवा, असं मी दारातच बजावलं. मशीन मिळाली. तुमच्या तालुक्याचा, साकोलीचा दिवस पुढच्या महिन्यात आहे, सोमाजीलाही घेऊन जा.

घरी आले तर केवढा गोंगाट! पंखा कुरकुरतो, सून गाणं म्हणते, आणि ती बकरी तर बोलायची थांबतच नाही.

संध्याकाळी गुंजन नेहमीसारखी गळ्यात पडली आणि कानात बोलली. अगदी हळू बोलली, तरी सगळं ऐकू आलं रे. म्हणाली, आजी, मी बकरी नोती मांगतली, छत्री मांगतली होती.

म्हणजे पावसाळाभर पोरगी पोतं घेऊन भिजत गेली, रोज माझ्या कानात छत्री मागत राहिली, आणि मी रोज हो म्हणत राहिले. मला रडू आवरेना. आज एवढ्या उन्हात बाजारात जाऊन छत्री आणली. आता ती अंगणात उघडी आहे आणि खाली दोघी बसल्या आहेत, गुंजन आणि बकरी.

लोभ असाच ठेव. आता पत्र नको, फोन कर. खर्रा थुंकून कर.

तुझी,
कुसुमताई