चार नंबरची लाल रेघ

२१ सप्टेंबर २०२५, रविवार

बंदूक नव्हे, मार्कर! आज अकरा वेळा सांगितले. अकराही वेळा गोकुळचे उत्तर एकच — "तेच की ओ मॅडम, बंदूकच ती." आणि हा संघाचा कर्णधार!

राजुरीतले हे कृषी-पर्यटन केंद्र आणि त्यातले पेंटबॉलचे मैदान माझ्या धाकट्या भावाचे, दादाभाऊचे. त्याने मला पुण्याहून बोलावून घेतले ते एवढ्यासाठीच. गेल्या वर्षी डिंभ्याच्या स्पर्धेत पंचांनी यांच्या एका मार्करचा ट्रिगर एकदा दाबला आणि रंगाच्या दोन गोळ्या सुटल्या. नियम चार शब्दांचा आहे: एक दाब, एक गोळी. संघ मैदानात न उतरताच घरी. तेव्हापासून तालुकाभर यांचे नाव "डबलबारवाले". दादाभाऊ म्हणाला, "आक्का, यंदा परत तसं झालं तर मी टीमच बंद करणार. लोकं तोंडावर हसत्यात."

एकतीस वर्षे अभियांत्रिकीच्या मुलांना मापनशास्त्र शिकवले. पाच ट्रिगर म्हणजे काय मोठेसे!

२३ सप्टेंबर

पाच खेळाडू, पाच मार्कर, प्रत्येकाला क्रमांक. ट्रिगर फार हलका ठेवला की एका दाबात दोन गोळ्या सुटण्याचा धोका. फार जड केला की बोट दमते. या दोहोंच्या मध्ये केसाएवढी जागा. ती शोधण्यात आजचा दिवस अतिशय सुखात गेला. एक बारीक स्क्रू, एक अ‍ॅलन की आणि संयम — दुसरे काही लागत नाही. मार्कर टेबलावरच्या व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, घट्ट आवळायचा आणि शंभर वेळा ट्रिगर दाबायचा. पाचही मार्कर शंभराला शंभर!

गोकुळने आपला दाबून पाहिला. "लई जड झाली राव!" आपण "राव" कोणाला म्हणालो हे ध्यानात आले तेव्हा त्याने जीभ चावली.

२४ सप्टेंबर

प्रत्येक स्क्रू आणि त्याभोवतीची चौकट यांवर मिळून नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढली. स्क्रू कोणी फिरवला तर रेघ तुटेल. सर्वांना उभे करून सांगितले — रेघ तुटली की माणूस संघाबाहेर. चर्चा नाही.

भरत म्हणाला, "बरंय." हा मढचा, डोंगराकडचा, बोलणे कमी आणि नेम पाचांत उत्तम. बाकीच्यांनी त्याच्याकडून दोन्ही शिकावे.

ते गेल्यावर त्याचाच चार नंबर पुन्हा हातात घेतला. किंचित जड वाटला. पाव फेरा आत घेतला. आता सुरेख! तेवढ्यात वीज गेली. रेघ उद्या नव्याने ओढायची.

२५ सप्टेंबर

दिवसभर एका शाळेची सहल. दीडशे मुले आणि एकही रांग सरळ नाही. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सोनीबाईंची मासवडी मात्र निर्दोष. हा शब्द मी सहजी वापरत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

सरावात भरतच्या मार्करमधून एका दाबाला दोन गोळ्या. तीन वेळा!

तत्काळ व्हाइसमध्ये आवळला. शंभराला शंभर. मग भिंग घेतले. रेघ तुटलेली — निम्मी स्क्रूवर, निम्मी चौकटीवर, दोघींची तोंडे दोन दिशांना.

"स्क्रू फिरवलास?"

"न्हाई मॅडम."

"मग ही रेघ?"

"त्ये मला म्हाईत न्हाई. पण हातात दोन मारतीय, तिथं आवळली की एकच. तुमी हातात धरून बघा की."

पुरावा समोर असताना विषय बदलणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. संघाबाहेर! त्याने जर्सी काढून चौकोनी घडी घातली, काठाला काठ जुळवून. टेबलावर ठेवली आणि गेला.

गोकुळ गुरगुरला, "भरत खोटं बोलायचा न्हाई, मॅडम. अन् चौघांनी कसं खेळायचं?" नियमावलीत चौघांना मुभा आहे. पान सहा. दाखवले.

२९ सप्टेंबर

झोप उत्तम लागली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

दादाभाऊने पाटावर सगळी अवजारे मांडली — कोयते, कात्री, फवारणीचा पंप आणि माझा विरोध डावलून पाचही मार्कर. मी अट घातली की हळद-कुंकू फक्त नळीवर. दोन नंबरमधला गोळ्या उडवणारा गॅस काढायचा आणि नळीला टोपण घालायचे राहिले होते. तो दोष माझा, मान्य आहे.

सोनीबाईंनी झेंडूची माळ घालायला नेमका तोच उचलला. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसा, दोन बोटांत! फट् — फट्! एक गोळी नारळावर, दुसरी दादाभाऊच्या नव्या पांढऱ्या पायजम्यावर. हिरवा रंग.

"अगं बया! म्या नुसता हात लावला व्हता!"

कोणाला लागले नाही. गोकुळ हसत हसत जमिनीवर बसला. मी मात्र उभीच राहिले. एक दाब, दोन गोळ्या — आणि दोन नंबरची रेघ अखंड!

सोनीबाईंना विचारले, नेमके कसे धरले होते? पुन्हा तसेच धरायला लावले. पुन्हा दोन. सैल हातात मार्कर मागे उसळतो, परत येतो आणि ट्रिगर स्वतःच बोटावर आपटतो. व्हाइसमध्ये उसळायला जागाच नाही! सोनीबाई म्हणाल्या, "तुमी त्याला बांधून तपासता व्हय, ताई? आमचा बैल पण खुट्याला लई गरीब असतो. सोडला की कळतं."

एकतीस वर्षे मापनशास्त्र.

३ ऑक्टोबर

पाचही मार्कर नव्याने जुळवले, आता दोन बोटांत सैल धरून. शंभराला शंभर! खरे, स्वच्छ समाधान. पंचांनी कसेही धरावे. जुन्या रेघा पुसून नव्या ओढल्या.

दादाभाऊ दाराशी घुटमळला. "मग आक्का, भरतला बोलवायचं ना? त्यो तर हेच सांगत व्हता."

गोळ्यांविषयी त्याचे म्हणणे खरे होते. ते मी मान्य केले. परंतु रेघ तुटली होतीच. स्क्रूला हात लावला तो लावलाच, वर नाकबूल केले. नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

गाडीत लिहिते आहे, अक्षर वाईट.

तपासणीच्या कागदावर प्रत्येक मार्कर कोणकोणत्या दिवशी जुळवला ते भरायचे, म्हणून मागची पाने उघडली. २४ सप्टेंबर. "पाव फेरा आत घेतला... रेघ उद्या नव्याने ओढायची."

ओढलीच नाही.

तपासणी साडेनऊला, डिंभ्यात. गोकुळला म्हटले, आधी मढ. "उलटं पडतंय मॅडम, उशीर व्हईल." होऊ दे. फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हे.

जर्सी मांडीवर आहे. घडी त्यानेच घातलेली. अजून मोडलेली नाही.