आईच्या आवाजाची सीडी

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. आईच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, यानंतर आवाज राहणार नाही. मी औरंगाबादहून राजूरला आले आणि आपल्या फोटोच्या दुकानातल्या कॉम्प्युटरपुढे तिला बसवलं. माइक बघून ती लाजली. "काय बोलू गं मी?" म्हणाली, आणि मग शेजारणीशी म्हशीवरून झालेलं भांडण सांगत सुटली, सांगता सांगता खो खो हसली. चुकलंच तर पुन्हा भरता यावं म्हणून मी पुसता येणारी सीडी घेतली होती. ती भरून तुमच्या कपाटात ठेवली.

ऑपरेशन होऊन आई घरी येते, तर कपाटात सीडी नाही. टेंभुर्णीचं लग्नाचं गिऱ्हाईक घाईत होतं, कोरी सीडी शिल्लक नव्हती, म्हणून तुम्ही त्यांचे फोटो आईच्या सीडीवरच उतरवून दिलेले. कॉम्प्युटरमधलं तिचं रेकॉर्डिंगही पुसलेलं. "आगं, पुसून पुन्हा भरायचीच सीडी हाय ना ती? त्यात येवढं काय रडायचं?" तुम्ही म्हणालात. आई तिथंच उभी होती, गळ्याला पट्टी. तिचे ओठ हलले. तुम्ही मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

मी टेंभुर्णीला गेले, नवरीच्या विनवण्या करून सीडी परत आणली आणि विद्यापीठात माझ्या सरांपुढे ठेवली. तिथं मी अशा सीडीतल्याच पदार्थांवर संशोधन करत होते: जर्मेनियम, अँटिमनी, टेल्युरियम. सीडीच्या आत त्यांचा पातळ थर असतो. लेसरनं एक ठिपका वितळवून झटकन गार केला, की कण विस्कटलेलेच गोठतात, काचेसारखे, तीच नोंद. बेतानं तापवलं, की कण पुन्हा रांगेत बसतात आणि नोंद पुसली जाते.

"आधीचं थोडंतरी उरलं असेल ना, सर?"

सरांनी सीडी माझ्या हातात परत दिली. "नाही. प्रत्येक ठिपका नव्यानं घडलाय."

तुम्ही एकदाही 'चुकलं' म्हणाला नाहीत. आई तुम्हाला हाक मारायला ताटलीवर चमचा वाजवायची, आणि तुम्ही खेकसायचात, "ऐकू येऊन राह्यलं मला, बहिरा न्हाई मी!" तुमच्या शेवटच्या आजारात तिनंच सगळं केलं. हे पत्र तिला वाचून दाखवणार नाही. तुमच्याविरुद्ध शब्द काढला, की ती हातानं माझं तोंड बंद करते.

खरं सांगू? तिचा आवाज मला आता नीट आठवत नाही. तुमचा मात्र जसाच्या तसा कानात आहे, आणि कधी कधी तो ऐकून मला बरं वाटतं.