बिनआवाजाची रायफल

२ एप्रिल
कायोटीने, म्हणजे इथल्या रानकुत्र्यासारख्या कोल्ह्याने, आणखी एक कोकरू नेलं. मागे चार खूर आणि थोडी लोकर. बघून शिसारी आली.
त्याहून जास्त शिसारी मेव्हण्याची. ओरिन फोनवर म्हणाला, मर्ल, येऊ का माझी बंदूक घेऊन? त्याची बंदूक म्हणजे तोफ. एक बार काढला की अख्ख्या वायोमिंगच्या कानठळ्या बसणार. व्यायला टेकलेल्या मेंढ्या बुजणार, उरलेले कायोटी शहाणे होणार. या घराण्यात डोकं कमीच.
बायकोने, व्हर्नाने, बजावलंय: कोकरांच्या शेपट्या छाटायच्या दिवसापर्यंत हे थांबलं नाही, तर कळप ओरिनच्या रानात. कळप तिचा, मान्य. पण राखणारा मी आहे ना?
निश्चय: आवाज न करणारी रायफल घेणे.

५ एप्रिल
बंदुकीच्या दुकानात ड्वाइटशी वाद. म्हणे हॉर्नेट घे, आवाज बेताचा, गोळी लांब जाते. हॉर्नेट! ती आजोबा लोकांची बंदूक. मी ब्लॅकआउट रायफल घेतली, सोबत जड, संथ गोळीची काडतुसं; गोळी संथ, म्हणून आवाज कमी. सायलेन्सरचा सरकारी परवाना आहेच.
ड्वाइट म्हणाला, बाबा रे, संथ गोळी लवकर खाली पडते, लांबून मारू नकोस. माल विकायची अक्कल नाही, आणि दुकान टाकून बसलाय.

८ एप्रिल
कोठारामागे सराव. पन्नास यार्डांवरचा डबा प्रत्येक वेळी उडाला. आवाज स्टेपलरएवढा. व्हर्नाने खिडकीतून विचारलं, सुरू कधी करणार? मी म्हटलं, संपलं पण! ती म्हणाली, वा, डबा मेला. कौतुक करायची पद्धतच नाही.

११ एप्रिल, सकाळी
वारा तोंडावर घेऊन टेकाडावर बसलो. सशाच्या किंकाळीचं यंत्र लावलं. कायोटी आला आणि दोनशे यार्डांवर थांबला. बार काढला. त्याला काही ऐकूच गेलं नाही. गोळी त्याच्या बरीच अलीकडे मातीत. तो चालत आला आणि तिथली माती हुंगू लागला! निर्लज्ज. मी नेम चांगलाच वर धरला. पण तोवर तो जवळ आला होता. गोळी त्याच्या पाठीवरून गेली ती मागच्या पाण्याच्या हौदात. पत्र्याचा तो खणखणाट सोडला तर सगळं ठरल्याप्रमाणे शांततेत पार पडलं.
कायोटी गेला. पळाला नाही, चालत गेला.
कारण: वारा.

१२ एप्रिल
दिवसभर हौदाला ठिगळ. तेवढ्यात व्हर्नाने बाटलीवर वाढवलेलं कोकरू कायोटीने नेलं. ती अंगणात उभी राहून रडली. मला स्वतःची किळस आली. जेवण गेलं नाही.
रात्री विचार केला. चूक काडतुसाची.

१६ एप्रिल
शेपट्या छाटून झाल्या. ओरिन ट्रेलर घेऊन हजर. मेंढ्या चढवताना टेकाडावर कायोटी दिसला. ओरिनने गाडीच्या बॉनेटवर कोपर टेकलं आणि ती तोफ उडवली. एकच बार. कायोटी आडवा. मेंढ्यांनी मानही वर केली नाही. बेअक्कल जनावरं.
आमच्याकडच्या रीतीप्रमाणे ओरिनने तो कुंपणाला लटकवला. माझ्या कुंपणाला. म्हणाला, राहू दे, लोकांत तुला बरं दिसेल. असला मोठेपणा मला सहन होत नाही.
संध्याकाळपर्यंत जाणारा येणारा प्रत्येक पिकअपवाला स्टिअरिंगवरून बोट उचलून मला शाबासकी देत होता. मीही प्रत्येकाला टोपी उचलून दाखवली. कोणी विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं.

१९ एप्रिल
रान रिकामं. व्हर्नाही कोकरांपाशी, ओरिनकडेच. आज तिचा फोन आला. कोकरं मजेत आहेत. रविवारी जेवायला ये म्हणाली. ओरिनने निरोप दिलाय: येताना तुझी रायफल आण, कोठारात उंदीर फार झालेत.
बघतो म्हटलं.
हे काडतूस उंदराला जरा भारी पडेल. उद्या ड्वाइटकडे जाऊन यावं.