दूरदर्शन संचाची हद्दपारी

जवाहरनगर,
८ डिसेंबर १९८५

तीर्थस्वरूप आईस,
अपराधी श्यामरावाचा सपश्चात्ताप साष्टांग दंडवत.

येथे सर्व क्षेमकुशल. आठ दिवस राहायला आलेली तू दुसऱ्याच दिवशी दिघोरीला परतलीस. आम्ही सहकुटुंब दूरदर्शनाच्या आराधनेत मग्न! जाताना म्हणालीस, "तोंडं पाहाले आली होती मी, तुमच्या पाठीच दिसून राहिल्या." ते वाक्य कारखान्याच्या भोंग्याहून मोठ्याने ऐकू आले.

सबब संच चादरीत गुंडाळून माळ्यावर स्थानबद्ध केला. शेजाऱ्यांनी दुखवटा पाळला.

पहिल्या दिवशी आम्ही परक्यांसारखे जेवलो. तिसऱ्या दिवशी वरणभात कालवताना चंद्रकांता एकाएकी रडू लागली.

"बाबा, सहामाहीत गणितात नापास झाली मी. सांगू कधी? तुम्ही तर 'चूप बस'च म्हणून राहिले होते."

महिनाभर पोरीने ते एकटीने सोसले. आता रोज सायंकाळी आम्ही पितापुत्री त्रैराशिकाशी युद्ध करतो आणि तुझी सून निर्मला आमच्या पराभवाला खळखळून हसते. जीव भांड्यात पडला.

धानाची मळणी आटोपली काय? गुडघा कसा आहे?

शनिवारी तुला न्यायला येतो. नकार द्यायचाच तर समक्ष दे. पत्राने आलेला नकार मी वाचत नसतो.

तुझा, विलंबाने का होईना, आज्ञाधारक पुत्र,
श्याम