थांबायचं घर

९ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय ठमे,

आज हॉल झाडताना एकदम तू दिसलीस, फ्रॉकचा पट्टा सुटलेली. आठवतं? बाबांच्या टायपिंग क्लासची शेवटची बॅच गेली की ते आतल्या खोलीत पेपर घेऊन बसायचे आणि मशिनं झाकायचं काम आपल्याकडे असायचं. मी आपली पटापटा रेक्झिनच्या टोप्या चढवत सुटायचे. तू प्रत्येक टाइपरायटरला थोपटायचीस. "झोप हं आता, उद्या पुन्हा खडखड करायचीये." मी दाराशी बटणावर बोट ठेवून ओरडायचे, "ठमे, चल गं, दिवा घालवतेय मी!" आणि तू, "थांब ना ताई, कोपऱ्यातलं अजून जागं आहे."

शाळेत सिस्टर सांगायच्या, पत्रात आधी खुशाली विचारावी, मग कामाचं लिहावं. तर तू कशी आहेस? गुडघा काय म्हणतोय? मी बरी आहे. झाली खुशाली. आता ऐक, मला अजिबात धीर नाहीये.

अनुदान मिळालं!

अगं खरंच मिळालं. काल दुपारी समोरच्या हॉस्पिटलातली डॉक्टरीणबाई वॉर्डातल्या सपातांनिशी रस्ता ओलांडून धावत आली. एका सायकलवाल्याने तिच्यासाठी करकचून ब्रेक दाबला आणि वर तिला चार शब्द सुनावले. मला वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं. तर ही दारातूनच ओरडली, "मॅडम, दिलं त्यांनी! सगळं दिलं!" आणि मला उचलायलाच निघाली. माझं वजन तुला ठाऊक आहे. शेवटी दोघी पायरीवर बसकण मारून हसत सुटलो. पलीकडची टेलरबाई मशीन थांबवून बाहेर आली नि म्हणाली, "म्हातारपणी लागलं वेड!"

तुला फोनवर सांगायला गेले की तू विषय बदलतेस, म्हणून आता सगळं नीट लिहिते. डोंगरातल्या वस्त्यांवरून हॉस्पिटलला यायला अर्धा दिवस जातो. कळा सुरू झाल्यावर निघालेल्या बायका कधी वाटेत बाळंत होतात, कधी पोचतच नाहीत. म्हणून दिवस भरत आले की त्यांनी आधीच यायचं आणि बाबांच्या या घरात राहायचं. नर्स रोज तपासून जाईल. वेळ आली की फक्त रस्ता ओलांडायचा. बाळंतपणानंतरही बाळ नीट अंगावर पिऊ लागेपर्यंत पुन्हा इथेच. अर्जात आम्ही 'प्रसूतिपूर्व निवास केंद्र' असं भारदस्त नाव घातलं होतं. एक पोटुशी बाई घर बघायला आली होती, ती म्हणाली, "म्हणजे थांबायचं घर." तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं.

नकाशे तुझ्या भिंगरीने काढलेत. तुझी लेक म्हणून कौतुक करत नाही, पण पोरीने काय डोकं चालवलंय! स्वयंपाकाचा ओटा बुटका, म्हणजे पोट सांभाळत बसून फोडणी देता येईल. बायकांना आयतं ताट नकोच असतं. आणि प्रत्येक मोठ्या खाटेमागे एक लहान खाट, मागे राहू न शकणाऱ्या थोरल्या भावंडांसाठी.

त्या लहान खाटांवरच गाडी अडली होती.

निधी देणाऱ्या संस्थेची माणसं पाहायला आली, तेव्हा त्यांच्यातल्या चष्मेवाल्या गृहस्थांनी नकाशावर बोट ठेवलं. "या कशाला? आमचा निधी आई आणि नवजात बाळासाठी आहे. थोरली मुलं त्यात बसत नाहीत." माणूस वाईट नव्हता गं, नियम सांगत होता. डॉक्टरीणबाईने माझ्याकडे पाहिलं.

ठमे, इथवर मी नुसती बडबड केली. खरं लिहायचंय ते आता.

मी त्यांना तुझं सांगितलं. "ओळखीतली एक बाई" असं म्हणायचं ठरवून तोंड उघडलं आणि "माझी बहीण" असं बाहेर पडलं. सांगितलं की तेव्हा हे समोरचं हॉस्पिटल नव्हतं, दूर शहरात जावं लागायचं. दुसऱ्या खेपेला तिला रक्तदाबाचं दुखणं होतं, म्हणून डॉक्टरांनी आधीच दाखल व्हायला सांगितलं होतं. पण वॉर्डात लहान मुलाला परवानगी नव्हती. मी दोन वर्षांच्या पोरीला घेऊन खाली बाकावर बसले. पोर काही केल्या गप्प होईना. वरच्या खिडकीत माझी बहीण उभी. मुलीला घेऊन मी राहावं असं शहरात आपलं कुणाचं घर नव्हतं. संध्याकाळी ती बॅग घेऊन खाली आली नि म्हणाली, "चल ताई, घरी." त्याच आठवड्यात दरड कोसळून रस्ता बंद झाला. बाळ राहिलं नाही.

एवढंच बोलले.

आणि भिंगरी माझ्या शेजारीच बसली होती. नकाशाचं दुसरं टोक धरून.

तू तिला हे का कळू दिलं नाहीस, ते मला पक्कं ठाऊक आहे. आपल्या रडण्यामुळे असं झालं, असं तिच्या मनात येऊ नये म्हणून. एवढी वर्षं मीही तोंडाला कुलूप लावलं होतं, आणि काढलं ते नेमकं तिच्यासमोर. तू रागावलीस तर तो राग माझा आहे.

त्या मंडळींना स्टँडवर सोडून परतताना गाडीत ती म्हणाली, "मावशी, मी खूप रडत होते?"

"दोन वर्षांचं मूल रडतं तेवढीच."

"आणि आई वरून बघत होती?"

"हो."

मग एकदम कडाडली, "वेडी आहे ती! इतकी वर्षं एकटीने धरून बसली. मी काय काचेची आहे?" मग गाडी कडेला घेऊन भरपूर रडली, आणि रडून झाल्यावर माझ्या पर्समधला बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. अगदी तुझी लेक. "आईला तूच सांग," म्हणाली, "पत्रातून. पत्रात तिला विषय बदलता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने नकाशा पुन्हा काढला. लहान खाट आता मागे नाही, आईच्या खाटेला चिकटून आहे, मध्ये कठडा नाही. "आईने झोपेत हात लांबवला तर मूल हाताला लागलं पाहिजे." तोच नकाशा मंजूर झालाय, एकही लहान खाट न कापता!

आता माझं मागणं. आई कळा द्यायला रस्ता ओलांडून गेली की तिच्या थोरल्याजवळ कुणीतरी निजायला हवं. अनुदानात त्या बाईचा पगार आहे. किती मुली विचारायला आल्या, मी सगळ्यांना "बघू" म्हणतेय. त्या सातव्या मजल्यावर एकटी बसून तू कुणाला थोपटतेस? ये. उपकार म्हणून नको, नोकरी म्हणून ये. आयुष्यात पहिल्यांदा पगार घेशील आणि मला पार्टी देशील.

पुढच्या आठवड्यात गवंडी येतोय, तेव्हा घर रिकामं करते आहे. कुणाला काय द्यायचं ते ठरवलंय, तुझी हरकत असेल तर लगेच कळव. बाबांचं भिंतीवरचं घड्याळ डॉक्टरीणबाईला, तिचं स्वतःचं कधीच बरोबर नसतं. मोठा आरसा टेलरबाईला. मशिनं दुरुस्तीवाल्या काकांना, त्यांनीच ती इतकी वर्षं जगवली. कोपऱ्यातलं तेवढं भिंगरीला. रेक्झिनच्या टोप्या कुणालाच नाहीत, त्या उसवून गाद्यांवर घालणार आहे, पोरं रात्री गाद्या भिजवणारच. घराची दुसरी किल्ली तुला, या पत्राबरोबरच पाठवते आहे. आणि भिंतीकडची खाट, जिथून सगळा हॉल दिसतो, ती मी कुणाच्याही नावावर लिहिलेली नाही.

घाई नाही. तुझं सगळ्यांना थोपटून झालं की सांग. तोवर मी दिवा घालवणार नाही.

दाराशीच उभी असलेली,
तुझी ताई