बाराव्या प्रकरणातली आत्या

सोमवार, ९ जून
दुकानाला सुट्टी, घरात शांतता

लाडक्या ठमाबाईंना आत्याचे भरपूर आशीर्वाद आणि पाठीत एक लटका धपाटा,

इकडे सगळं ठीक. तुझ्या बाबाचा गुडघा कुरकुरतो, त्याहून जास्त तो स्वतः कुरकुरतो. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं नवं मशीन आलंय. मालक त्याला माझ्यापेक्षा जास्त जपतात.

वाचन मात्र झकास चाललंय. सकाळी लवकर उठायला शिकवणारं एक पुस्तक आणलं, ते दुपारी लोळत वाचलं. तो लेखक पहाटे उठून करतो काय, तर असली पुस्तकं लिहितो! मग एक खुनाची कादंबरी वाचली. खुनी कोण ते पहिल्या चहालाच कळलं. जो फार गोड बोलतो आणि ज्याला घरात काही काम नसतं, तोच. तरी शेवटपर्यंत वाचली, कारण इन्स्पेक्टरची बायको फर्मास आहे. दोनदाच येते आणि दोन्ही वेळा नवऱ्याला गप्प करते. एक प्रेमकथाही झाली. चारशे पानं दोघं नुसते झुरतात. अरे, एकदा तोंड उघडून बोला की, कागद तरी वाचेल! गिऱ्हाइकं म्हणतात, तुम्ही फार फटकळ आहात. असेन.

आणि हो, तुझंही वाचलं.

आता म्हणशील, मग मघापासून इकडचं तिकडचं काय सांगत बसलीस? धीर गोळा करत होते. तू लिहिलंयस की छपाई खोळंबली आहे, आणि मी नको म्हटलं तर बारावं प्रकरण काढून टाकशील.

पुस्तक चांगलं आहे. भाचीचं म्हणून तर मी जास्तच खोट काढत वाचलं. आजोबांच्या अंघोळीचा प्रसंग वाचताना दुकानात अशी हसले, की समोर डोळे तपासायला बसलेला माणूस दचकून उठलाच.

पण ते बारावं प्रकरण. त्यातली आत्या त्याच्याशी लग्न करायला बॅग घेऊन स्टँडवर जाते, संध्याकाळपर्यंत बसते, तो येतच नाही. पुढे कळतं, बिचारा अपघातात गेला. मग ती जन्मभर त्याच्या आठवणीत काचा पुसत राहते. मी कागद बाजूला ठेवले आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.

तुझा दोष नाही गं. तू एवढीशी होतीस, दार तूच उघडलंस आणि डोळे सुजलेली आत्या बॅगेसकट परत आलेली पाहिलीस. घरात कुणी काही विचारलं नाही. तो आला नसणार, असं सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं. मीही गप्प राहिले. लोकांची कीव सोसली, खरं सांगितल्यावरचं भांडण झेपलं नसतं. आणि आत्याला कुणी टाकलं असं लिहायला तुझा हात धजला नाही, म्हणून तू त्याला मारून टाकलंस.

ठमे, तो आला होता. माझ्याआधी येऊन बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, दोन तिकिटं काढून. मला बघून इतका खुलला! बोलता बोलता म्हणाला, "बरं झालं, तुझं ते काचा घासणं सुटलं एकदाचं."

मी म्हटलं, "सुटलं म्हणजे? तिकडेही दुकानं असतील की."

तर हसला. "माझ्या बायकोला लोकांच्या चष्म्यात डोकं घालायची गरज नाही."

माणूस वाईट नव्हता. आपण हिला सोडवतोय, असंच त्याला वाटत होतं. मी तेव्हा नुकतीच नंबर काढायला शिकले होते, आणि मला ते काम फार आवडायचं. गाडी लागली. तो चढला, त्याने हात पुढे केला. मी बॅग उचलली आणि घरी आले. वाटभर रडले, कारण तोही फार आवडायचा.

तेव्हा प्रकरण काढू नकोस. त्याला जिवंत कर. तो चांगला शर्ट घालू दे, वाचणाऱ्यांनाही आवडू दे. आणि मग तिला उठव. तुझा बाबा वाचून महिनाभर माझ्याशी बोलणार नाही, त्याचं मी बघते. एवढं बदल आणि खुशाल छाप.

स्वतःच्या पायांनी परत आलेली,
तुझी आत्या